वीज फिरतेय, कुणी ढकलत नसताना

१९१४ साल. हॉलंडमधल्या लायडन गावची प्रयोगशाळा. काचेच्या एका मोठ्या थर्माससारख्या पात्रात द्रवरूप हेलियम आहे आणि त्यात शिशाच्या तारेची एक कॉइल बुडवलेली आहे. कॉइलची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. ना बॅटरी, ना डायनामो, ना बाहेरून आलेली एखादी वायर. आणि तरीही पात्राशेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई उत्तर सोडून भलतीकडेच बघतेय. म्हणजे कॉइलमधून वीज वाहतेय! कुठून आली? आणि थांबत का नाही?

आली कुठून, ते सोपं आहे. हाइके कॅमरलिंग ओनेस या प्राध्यापकांनी आधी ती कॉइल एका चुंबकाच्या कवेत ठेवली, मग हेलियमने गार केली आणि नंतर चुंबक बाजूला नेला. चुंबक हलला की शेजारच्या तारेत वीज उठते, हे फॅराडेने कधीच दाखवलं होतं. पण तांब्याच्या साध्या कॉइलमध्ये अशी उठलेली वीज पापणी लवायच्या आत विरून जाते. इथे तास उलटला तरी ती एक टक्कासुद्धा कमी झालेली दिसेना. पॉल एरेनफेस्ट हा भौतिकशास्त्रज्ञ हे बघायला हजर होता. तो इतका हादरला, की त्याने थोर शास्त्रज्ञ लॉरेंट्झला पत्र लिहून सगळी हकिकत कळवली. मग ओनेसने शेवटची खातरजमा केली. हेलियमात बुडलेल्या अवस्थेतच कॉइलची तार कापली. तत्क्षणी सुई उत्तरेला वळली.

या माणसाला हे साधलं, कारण गारठा निर्माण करण्यात जगात त्याचा हात धरणारं तेव्हा कुणी नव्हतं. १० जुलै १९०८ रोजी त्याने हेलियमचा पहिल्यांदा द्रव केला. उणे २६९ अंश सेल्सियस! निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम चार अंश. त्यानंतरची आणखी काही वर्षं असलं द्रव हेलियम दुसऱ्या कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नव्हतं. इतक्या थंडीत धातूंचा विजेला होणारा विरोध किती उरतो, हा तेव्हाचा वादाचा प्रश्न. कुणी म्हणे, हळूहळू कमी होत जाईल. कुणी म्हणे, इलेक्ट्रॉनच गोठतील आणि विरोध उलट वाढेल. ओनेसने पारा निवडला, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून अतिशय शुद्ध करता येतो. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध मोजला गेला. प्रत्यक्ष मोजणी करत होता गिलेस होल्स्ट. चार अंशांच्या जरा वर असताना रोध एकदम कोसळला आणि जवळजवळ नाहीसा झाला. हळूहळू कमी झाला असता तर एका पक्षाचा विजय झाला असता. तो असा कड्यावरून उडी मारल्यासारखा जाईल, हे दोन्ही पक्षांच्या स्वप्नातही नव्हतं. अतिवाहकता सापडली ती अशी.

रोध म्हणजे मुळात काय, ते एकदा बघून घेऊ. तारेतून धावणारे इलेक्ट्रॉन थरथरणाऱ्या अणूंवर आणि अशुद्धींवर आदळतात, दिशा चुकतात, त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. गीझर तापतो तो याच धडपडीवर. मग थंडीत हे आदळणं अचानक संपतं कसं? याचं उत्तर मिळायला ४६ वर्षं लागली. १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या तिघांनी ते दिलं. एक इलेक्ट्रॉन जाताना आसपासचे धनभारित अणू किंचित त्याच्याकडे ओढले जातात. तो पुढे निघून जातो, पण अणूंची ती दाटी क्षणभर मागे राहते आणि दुसऱ्या इलेक्ट्रॉनला खुणावते. अशा रीतीने एरवी एकमेकांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन अणूंच्या मध्यस्थीने जोडी जमवतात. गंमत म्हणजे या जोडीतले दोघे शेजारीशेजारी नसतातच. दोघांमध्ये इतकं अंतर असतं, की तेवढ्या जागेत इतर लाखो जोड्या नांदत असतात. सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि सगळ्यांची मिळून एकच लाट.

दादरच्या पुलावर दुपारी तीन वाजता एकटा चालणारा माणूस कुणाच्याही धक्क्याने वळतो, फळवाल्यापाशी रेंगाळतो. संध्याकाळी सात वाजता गाडी लागल्यावर त्याच पुलावर बघा: तुम्हाला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही. अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांची हीच गत होते. एखाद्या अणूने एकट्याला अडवायचं ठरवलं तर त्याला सगळ्या समूहाची लाटच मोडावी लागेल, आणि एवढ्या थंडीत तेवढी ऊर्जा कुणाजवळच नसते.

बरं, ‘शून्य’ म्हणजे खरोखर शून्य, की मोजता न येण्याइतकं कमी? शंकेखोर वाचकाने हे विचारलंच पाहिजे. त्यावर उपाय एकच, फिरणाऱ्या विजेवर पाळत ठेवायची. १९३२ मध्ये लायडनच्या मंडळींनी शिशाच्या कड्यात सुमारे २०० अँपिअर वीज फिरती ठेवली आणि हेलियमच्या पात्रासकट ते कडं विमानाने लंडनला नेऊन रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या श्रोत्यांना दाखवलं. वाटेत कुठलीच बॅटरी नाही! १९६३ मध्ये फाइल आणि मिल्स या दोघांनी अतिवाहक कॉइलचं चुंबकीय क्षेत्र फारच बारकाईने मोजलं आणि हिशेब मांडला: ही वीज विरायला एक लाख वर्षांहून जास्त काळ लागेल. माझ्या मते एवढ्यावर शंकेखोराने हात जोडावेत.

आता ओनेसचं स्वप्न काय असेल, ओळखा. रोधच नाही म्हटल्यावर तारेतून हवी तेवढी वीज सोडा, हवा तेवढा जबरदस्त चुंबक बनवा! त्याने खरंच तसा बेत आखला होता. पण पदरी निराशा आली. शिशाची कॉइल काहीशे गाउसपर्यंतच तग धरी. त्यापुढे स्वतःच निर्माण केलेलं चुंबकीय क्षेत्र तिला सोसत नसे आणि अतिवाहकता मरून जाई. अतिवाहक आणि चुंबकीय क्षेत्र यांचं मुळातच वाकडं. १९३३ मध्ये माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी दाखवलं, की अतिवाहक आपल्या पोटातून चुंबकीय क्षेत्र बाहेर हाकलून देतो. क्षेत्र फार वाढलं की हाकलणं झेपत नाही आणि सगळा डाव मोडतो.

इथे कथा संपली असती. पण काही मिश्रधातू ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं वागत नव्हते. खार्कीवमध्ये लेव्ह शुबनिकोव्ह यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की या मिश्रधातूंत चुंबकीय क्षेत्र थोडं थोडं आत शिरतं आणि तरीही अतिवाहकता टिकून राहते. या माणसाला १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. त्याचं काम पुढे नेणारं गणित मॉस्कोतल्या अलेक्सेई अब्रिकोसोव्ह या तरुणाने १९५३च्या सुमारास केलं, पण गुरू लांदाऊंना ते पटेना. कागद खणात पडून राहिले आणि १९५७ मध्ये छापले गेले. नोबेल मिळालं २००३ मध्ये!

त्या कागदांत काय होतं? चुंबकीय क्षेत्र अतिवाहकात पाण्यासारखं झिरपत नाही. ते दोऱ्यादोऱ्यांनी शिरतं. प्रत्येक दोऱ्याचा गाभा काही नॅनोमीटर जाडीचा. त्या गाभ्यात अतिवाहकता नाही, आणि गाभ्याभोवती विजेचा भोवरा गरगरत असतो. कुठलाही दोरा घ्या, त्यातलं चुंबकत्व अगदी सारखं. अर्धा दोरा नसतो, सव्वा दोरा नसतो. निसर्गाने चुंबकत्वाची सुटी नाणी पाडली आहेत आणि सगळी एकाच किमतीची आहेत. १९६१ मध्ये स्टॅनफर्डचे डीव्हर व फेअरबँक आणि जर्मनीतले डोल व नेबाउअर या दोन जोड्यांनी अतिबारीक पोकळ नळकांडी वापरून हे नाणं स्वतंत्रपणे मोजलं. दोन्ही जोड्यांचे निबंध एकाच अंकात छापून आले. फ्रिट्झ लंडन यांनी सांगून ठेवलेल्या किमतीच्या ते बरोब्बर निम्मं निघालं. निम्मं का? कारण लंडन यांनी एकेकटा इलेक्ट्रॉन धरला होता आणि तारेत फिरत होत्या जोड्या!

हे नाणं किती लहान? करंगळीच्या नखाएवढी, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागा घ्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रासमोर सरळ धरा. होकायंत्राची सुई कशीबशी वळवणारं हे दुबळं क्षेत्र. त्या नखाएवढ्या जागेतून सुमारे वीस लाख दोरे आरपार जातील. आता एमआरआय यंत्राच्या दीड टेस्ला क्षेत्राचा हिशेब करा: एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ७२ कोटी.

एवढी गर्दी, मग गुंता होत नाही? उलट! हे दोरे एकमेकांना दूर लोटतात, आणि दूर लोटता लोटता आपापल्या जागा वाटून घेतात. शेवटी प्रत्येक दोऱ्याभोवती नेमके सहा शेजारी उरतात, समान अंतरावर. त्रिकोणांची एकसारखी जाळी तयार होते. कुणी विणत नाही, कुणी मोजून देत नाही. खुद्द अब्रिकोसोव्हच्या गणितात आधी चौकोनी जाळी निघाली होती. आकडेमोडीतली एक बारीक चूक १९६४ मध्ये दुरुस्त झाली आणि जाळी त्रिकोणी ठरली. १९६७ मध्ये स्टुटगार्टच्या एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी तिचं चित्रच काढलं. त्यांनी थंड अतिवाहकावर चुंबकीय धातूच्या सूक्ष्म कणांचा धूर सोडला. कण जाऊन बसले ते दोऱ्यांच्या टोकांवर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची ती रांगोळी स्पष्ट दिसली.

हे बघायला आज स्टुटगार्टला जावं लागत नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असले दोरे एकेक करून बघितले जातात. तिथल्या गटाने नायोबियम डायसेलेनाइडच्या, किंचित कोबाल्ट मिसळलेल्या स्फटिकावर क्षेत्र वाढवत नेलं आणि जाळी विस्कटताना पाहिली. ती एका दमात मोडत नाही. आधी दोऱ्यांच्या नेमक्या जागा बिघडतात, पण रांगांची दिशा शाबूत राहते. मग केव्हातरी दिशाही जाते. विस्कटण्यालाही शिस्त!

आता कॉइलकडे परत येऊ, कारण खरी अडचण इथेच आहे. तारेतून वीज सोडली की ती या दोऱ्यांना आडवं ढकलते. दोरे सरकू लागले की तारेत व्होल्टेज उठतं, उष्णता होते, आणि ‘शून्य रोध’ हातातून निसटतो. म्हणजे दोरे आत येऊ द्यायचे, पण हलू द्यायचे नाहीत. ते बांधायचे कसे? धातू खराब करून! हो, अक्षरशः. स्फटिकात जिथे खोट असते, जिथे अतिवाहकता आधीच अशक्त असते, तिथे दोऱ्याचा गाभा मुक्कामाला बसतो आणि उठत नाही. म्हणून नायोबियम-टायटॅनियमची तार बनवताना ती ठोकतात, ताणतात, तापवतात, पुन्हा ताणतात, म्हणजे आत टायटॅनियमचे बारीक कण आणि वेडीवाकडी मोडतोड पसरते. १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये अशा ताणलेल्या नायोबियम मिश्रधातूंवर काम करणाऱ्यांत अनंत नारळीकर होते, जयंत नारळीकरांचे धाकटे बंधू. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी अतिवाहकतेवर दीर्घकाळ काम केलं. वर्षानुवर्षं शुद्ध धातूच्या मागे लागलेल्या शास्त्राला अखेर कामाची तार मिळाली ती खोट असलेल्या धातूत. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुंझलर आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-कथिलाच्या तारेतून जवळजवळ नऊ टेस्ला क्षेत्रातही दर चौरस सेंटिमीटरला एक लाख अँपिअर वीज नेऊन दाखवली. ओनेसचं स्वप्न पन्नास वर्षांनी खरं होण्याच्या मार्गाला लागलं.

मला स्वतःला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. समजा, चुंबकीय क्षेत्र तारेला आडवं न ठेवता तिच्या लांबीच्या दिशेने ठेवलं. दोरे तारेतून सरळ लांबच लांब पडतील. मग तारेतून वीज सोडा. विजेचं स्वतःचं क्षेत्र तारेभोवती गोल गोल फिरतं. सरळ क्षेत्र आणि गोल क्षेत्र यांची बेरीज काय होईल? मळसूत्र! दोरे आपोआप पिळले जातात. वीज क्षेत्राच्याच दिशेने वाहत असेल तर पीळ उजवा, विरुद्ध दिशेने वाहत असेल तर डावा. धातूला डावं-उजवं काही ठाऊक नव्हतं, आपण बटण कुठल्या बाजूला फिरवलं एवढ्यावर पिळाची जात ठरली.

आणि याचा परिणाम बघा. वीज आता दोऱ्यांना आडवी जात नाही, जवळपास त्यांच्याच वाटेने जाते. त्यामुळे ढकलणं कमी होतं आणि तीच तार नेहमीपेक्षा जास्त वीज सोसते. १९६०च्या दशकातल्या प्रयोगकर्त्यांना हे बघून स्वतःच्या मापकांवर शंका यावी असंच होतं. त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे आली: वीज मर्यादेपलीकडे नेली आणि तारेच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी व्होल्टेज मोजलं, तर काही जागी ते चक्क उलट्या चिन्हाचं आलं. तारेच्या त्या तुकड्यात रोध ऋण असल्यासारखा! अर्थात फुकटची वीज कुठेच मिळत नाही. संपूर्ण तारेचा हिशेब केला की तो सुलटाच येतो. पण पृष्ठभागावर मळसूत्राच्या पट्ट्यांनी चाललेली दोऱ्यांची ये-जा त्या मापकाने पकडली होती.

तारेतल्या दोऱ्यांना पीळ आपोआप पडतो. तारेला मात्र मुद्दाम घालावा लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय कणवेगकाची तार बघा. जाडी मिलिमीटरच्या आसपास. पण तांब्याच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमचे सहा ते नऊ हजार तंतू, प्रत्येक तंतू सात मायक्रॉनच्या आसपास. हे तंतू नुसते समांतर ठेवले, तर क्षेत्र बदलताना एका तंतूतून जाऊन दुसऱ्यातून परत येणारे विजेचे फेरे सुरू होतात आणि तार तापते. म्हणून साधारण दीड-दोन सेंटिमीटरला एक असा पूर्ण पीळ घालतात. अर्ध्या पिळानंतर तंतूंची बाजू उलटते, आधीचा फेरा पुढच्या फेऱ्याला खोडून टाकतो. दोरखंड वळणाऱ्याला कळेल असा उपाय, आणि त्यावर २७ किलोमीटर लांबीचं यंत्र उभं आहे.

या यंत्राने १९ सप्टेंबर २००८ रोजी एक धडाही दिला. दोन चुंबकांमधल्या एका जोडात रोध उरला होता. किती? ओहमच्या सुमारे पंचेचाळीस लाखाव्या भागाएवढा. घरातल्या कुठल्याही मीटरला तो दिसणारसुद्धा नाही. पण तारेतून जवळपास ८,७०० अँपिअर वाहत होते. गुणाकार करून बघा: उष्णता होते सोळा-सतरा वॉट. तेवढ्याने जोड तापला, अतिवाहकता गेली, जोड तुटला, ठिणगीने हेलियमचं आवरण फोडलं. सहा टन हेलियम उधळलं, कित्येक टनांचे चुंबक जागचे हलले, ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. एरवी बिनधोक फिरणारी वीज एकदा अडली की काय करते, ते हे असं.

अतिवाहकाची कॉइल बघायला जिनिव्हाला जायची गरज नाही. ती तुमच्या जवळच्या एमआरआय केंद्रात आहे. त्या पांढऱ्या बोगद्याच्या भिंतीत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे किलोमीटरच्या किलोमीटर वेढे द्रव हेलियमच्या गारठ्यात बसवलेले असतात. यंत्र बसवताना या कॉइलमध्ये वीज भरायची युक्ती पाहण्यासारखी आहे. कॉइल बंद करणाऱ्या तारेच्या एका छोट्या तुकड्याला हीटर बांधलेला असतो. हीटर लावला की तेवढा तुकडा साधा धातू होतो, जणू दार उघडतं. बाहेरून हळूहळू काहीशे अँपिअर वीज आत सोडतात. मग हीटर बंद करतात. तुकडा पुन्हा गार होतो, अतिवाहक होतो, दार लागतं. इंजिनिअर आपली केबल काढून घरी जातो आणि वीज फिरत राहते. महिने, वर्षं. खोलीत सतत ऐकू येणारी ती ‘चुक् चुक्’ हेलियम गार ठेवणाऱ्या यंत्राची असते. चुंबकाला स्वतःला वीज लागतच नाही.

त्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा किती असेल? दीड टेस्लाच्या यंत्रात साधारण तुमच्या वीजबिलातल्या एका युनिटच्या आसपास. फक्त एक युनिट! पण आणीबाणीचं बटण दाबून कॉइल मुद्दाम तापवली, तर ते युनिट काही सेकंदांत बाहेर पडतं, हेलियम उकळून सुमारे सातशे पट फुगतं आणि छपराकडे नेलेल्या नळीतून गर्जना करत निघून जातं. म्हणूनच ते बटण सहसा कुणी दाबत नाही.

आणि म्हणूनच एक विनंती. एमआरआयचा चुंबक रात्री चालू असतो, रविवारी चालू असतो, लाइट गेलेली असताना चालू असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. तपासणी चालू नाही, यंत्राचा आवाज येत नाही, कुणी ‘मशीन बंद आहे’ असं सांगतंय, यातल्या कशावरही विश्वास ठेवू नका. किल्ल्या, नाणी, सिलिंडर, व्हीलचेअर, सगळं दाराबाहेर ठेवा आणि तंत्रज्ञाने हो म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका.